शाफ्टचा रिकॉल ‘झालेला दाखवतोय’, पण आत नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१९ ची बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस, मुंबईच्या पहिल्या मालकाकडून घेतलेली, काटा ५२,००० किलोमीटरवर. जर्मनीतल्या मित्राने सांगितलं की या गाड्यांच्या ड्राइव्हशाफ्टसाठी (चेनऐवजी मागच्या चाकाला जोर पोचवणारा दांडा) कंपनीने रिकॉल काढला होता, म्हणजे गाड्या परत बोलावल्या होत्या. तुम्हाला पत्र वगैरे काही आलं नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ‘सिस्टीममध्ये झालेलं दाखवतंय’ एवढंच उत्तर. आणि हल्ली हळू चालवताना थ्रॉटल सोडून परत दिला की मागून ‘खट्’ असा आवाज येतो. शाफ्ट गेला का, आणि आत काय केलंय हे कळणार कसं?

आधी सरळ सांगतो. त्या ‘खट्’ची काळजी थोडी कमी करा, ‘झालेलं दाखवतंय’ची जास्त करा.

मी मूळचा ट्रक लायनीतला. कोल्हापूरला वडिलांचं गॅरेज होतं, तिथे दहावीच्या सुट्टीत माझं पहिलं काम म्हणजे ट्रकखाली उताणं पडून शाफ्टच्या जॉइंटच्या क्रॉसला (कोनात फिरणाऱ्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा) ग्रीस मारणं. प्रत्येक क्रॉसला निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असायचं, जुनं काळं ग्रीस चारी बाजूंनी बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप दाबायचा. एका बाजूने आलंच नाही तर वडील म्हणायचे, तिथल्या बेअरिंगच्या सुया मेल्या, जॉइंट खोल. पुढे पुण्यात मोठ्या मोटरसायकलींचं काम सुरू केलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. पहिल्यांदा शाफ्टवाल्या मोटरसायकलचा जॉइंट हातात घेतला तेव्हा मी त्याचं निप्पल शोधत बसलो होतो. निप्पलच नव्हतं. आयुष्यभराचं ग्रीस आत भरून सील केलेला क्रॉस. तेव्हाच मनात आलं, कोणाच्या आयुष्यभराचं? गाडीच्या, की त्या जॉइंटच्या?

शाफ्ट म्हणजे देखभाल नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. चेनवाला दर पाचशे-सातशे किलोमीटरला चेन पुसतो, तेल घालतो, ताण बघतो. त्यामुळे त्याची चेन तुटायला आली तर त्याला आधी कळतं. शाफ्टवाल्याला काहीच दिसत नाही. सगळं ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या भुजेच्या, पोकळीत बंद. बिघाडापेक्षा हा न दिसण्याचा भाग मला जास्त त्रासदायक वाटतो.

आता जरा मागे जाऊ, कारण हा दोष कुठून येतो ते रचनेत आहे. बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल आर ३२, १९२३ ची, मॅक्स फ्रित्झ या अभियंत्याची. तिच्यातही शाफ्टच होता. इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने, त्याच ओळीत मागे गिअरबॉक्स, आणि तिथून सरळ चाकापर्यंत दांडा. काटकोनात वळायचं ते फक्त एकदा, चाकापाशी, क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीत. सरळ-साधी गोष्ट. पुढे मागचं चाक स्विंगआर्मवर वरखाली व्हायला लागलं तसा पुढच्या टोकाला एक जॉइंट आला. त्या काळच्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांमध्ये शाफ्टची पोकळी तेलाने थोडी भरलेली असायची. म्हणजे दांडा आणि त्याचा जॉइंट तेलात भिजत फिरायचा. गंज धरायचा प्रश्नच नव्हता.

अडचण दुसरीच होती. थ्रॉटल दिला की शाफ्टवाल्या गाडीचं बूड वर उचललं जायचं आणि सोडला की बसायचं. वळणात थ्रॉटल सोडणं म्हणजे नवख्याला घाम. त्यावर १९८७ मध्ये जीएस गाड्यांवर पॅरालिव्हर आलं. म्हणजे फायनल ड्राइव्हचं (चाकापाशी ते क्राउन-पिनियन असलेल्या भागाचं) घर स्विंगआर्मला पक्कं न जोडता एका सांध्यावर बसवलं आणि ते गरगर फिरू नये म्हणून वेगळा टॉर्क आर्म दिला. बूड उचलणं जवळजवळ गेलं. पण मागे आणखी एक सांधा आला म्हणून शाफ्टलाही मागे आणखी एक जॉइंट द्यावा लागला. आणि दोन्ही टोकं हलती झाली, तिथे रबरी बूट, म्हणजे सांध्यावरची लवचीक आवरणं, आले, त्यामुळे पोकळीत तेल ठेवणं बंद झालं. तेव्हापासून हा शाफ्ट कोरडा फिरतोय. दोन सीलबंद जॉइंट, दोन रबरी बूट आणि मध्ये नुसती हवा.

त्या हवेत पाणी आलं की काय होणार, ते सांगायला मेकॅनिक लागत नाही.

पाणी येतं कुठून? नदीनाल्यातून गाडी घातली, हे पहिलं उत्तर सगळे देतात. स्पिती-लडाखला पाण्याच्या ओढ्यात गाडी घालणाऱ्यांचं ते खरंही असतं: तासभर तापलेलं ॲल्युमिनियम एकदम बर्फाच्या पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बुटाची कड जिथे सैल असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. पण माझ्याकडे आलेल्या गाड्यांत ओढे न ओलांडलेल्या गाड्याही गंजलेल्या निघाल्या आहेत. त्यांचं पाणी दोन वाटांनी येतं. एक, वॉशिंग सेंटर. पोऱ्या प्रेशरची नळी मागच्या चाकाजवळ धरून त्या रबरी बुटावरच मारतो, कारण चिखल तिथेच जास्त असतो. दुसरी वाट म्हणजे दमट हवा. कोकणात पावसाळाभर उभी असलेली, मधूनच वीस मिनिटं चालवून परत झाकलेली गाडी घ्या. आत गरम-थंड, गरम-थंड होत थेंब साचतात आणि बाहेर पडायला जागा नसते. बूट जितका घट्ट तितकं आत गेलेलं पाणी आतच. त्याच्याबरोबर खारी हवा असेल तर बघायलाच नको.

पाणी सीलच्या कडेने क्रॉसमध्ये शिरतं. आत बारीक सुयांचं बेअरिंग असतं. शाफ्टचा कोन सतत फार थोडा बदलत असतो, त्यामुळे त्या सुया पूर्ण फिरत नाहीत, जागच्या जागी मागेपुढे घासतात. ग्रीस धुतलं गेलं की तिथे तांबूस-तपकिरी भुकटी तयार होते. आमच्याकडे तिला काही जण ‘हळद-कुंकू’ म्हणतात. ही भुकटी दिसली की जॉइंट गेला समजायचं, मग हाताला प्ले, म्हणजे सैलपणा, लागो न लागो. पुढे सुयांच्या खाचा पडतात, क्रॉस एका ठरावीक जागी अडकतो, परत सुटतो. गाडीला थरथर जाणवते ती या अवस्थेत.

या थरथरीमागे थोडं गणितही आहे. कोनात चालणारा असा जॉइंट एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे पडतो. दहा अंशांचा कोन असेल तर हा फरक सुमारे दीड टक्का. दोन जॉइंट एकमेकांच्या बरोबर जुळणीत असले तर एकाचं पुढे धावणं दुसरा खाऊन टाकतो, चाकाला काही कळत नाही. ताशी शंभरच्या वेगाला हा दांडा मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे मारतो. त्यात एक जॉइंट अडकायला लागला की ती जुळणी बिघडते आणि तुमच्या पायाखालच्या फूटपेगला, विशेषतः शाफ्टच्या बाजूच्या, बारीक मुंग्या येतात. पाणी-थंड जीएसमध्ये, म्हणजे २०१३ पासूनच्या गाड्यांत, शाफ्ट डावीकडे आहे. आधीच्या गाड्यांत उजवीकडे होता. जुनी गाडी चालवून नवीवर आलेल्यांचा इथे गोंधळ होतो.

शेवटी जॉइंट तुटतो. तुटला तर बहुतेक वेळा एवढंच होतं की इंजिन ओरडतं, चाकाला जोर जात नाही आणि गाडी कडेला थांबते. वाईट शक्यता अशी की तुटलेलं टोक फिरताफिरता स्विंगआर्म फोडून बाहेर येतं, किंवा आत अडकून मागचं चाक जाम करतं. द्रुतगती मार्गावर वेगात चाक जाम होणं म्हणजे काय ते लिहायची गरज नाही. म्हणूनच कंपन्या याला सुरक्षेचा विषय मानतात.

आता तुमच्या गाडीच्या मोहिमेबद्दल. बीएमडब्ल्यूने २०२२ च्या सुमारास आर १२०० जीएस, आर १२५० जीएस आणि त्यांच्या ॲडव्हेंचर आवृत्त्यांसाठी हे काम काढलं. कुठे त्याला रिकॉल म्हटलं, कुठे तांत्रिक मोहीम. तपशिलात न जाता सांगायचं तर कामाचे तीन भाग. शाफ्ट तपासायचा आणि खराब असेल तर बदलायचा. आत साचणारा ओलावा बाहेर पडावा म्हणून भोक पाडायचं. आणि ज्या गाड्यांना हे लागू आहे त्यांचा शाफ्ट दर ६०,००० किलोमीटरला कंपनीच्या खर्चाने बदलायचा. म्हणजे ज्याला आयुष्यभराचा भाग म्हणत होतो तो आता ठरावीक अंतरावर बदलायचा भाग झाला. माझ्या मते हे योग्यच झालं. विमानात असंच करतात, तुटायची वाट बघत नाहीत.

भोक पाडण्यावर बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. ‘एवढ्या किमतीच्या गाडीला भोक?’ अहो, आपल्या कौलारू घराच्या पडवीलाही पाणी जायला वाट ठेवतात. बंद पोकळीत पाणी साचण्यापेक्षा थोडा वारा खेळलेला बरा. फक्त ते भोक चिखलाने बुजू देऊ नका.

तर ‘झालेलं दाखवतंय’ याचा अर्थ काय? तो तीनपैकी काहीही असू शकतो. तपासला, बरा निघाला, भोक पाडलं आणि जुनाच शाफ्ट परत बसवला. किंवा खराब निघाला आणि नवा घातला. किंवा पहिल्या मालकाच्या वेळी कोणीतरी संगणकावर नोंद बंद केली आणि चाक उतरवलंच नाही. तिसरं मी कल्पनेने लिहीत नाही. एका गिऱ्हाईकाची शाफ्टवाली गाडी, कोणत्या कंपनीची ते सोडा, अशाच एका मोहिमेतून ‘करून’ आली होती. सहा महिन्यांनी टायर बदलायला माझ्याकडे आली. मागच्या बुटाभोवती मूळची माती तशीच होती, थर न मोडलेली. टॉर्क आर्मच्या बोल्टवर कारखान्याच्या रंगाची खूण अखंड होती. तो बोल्ट सैल केल्याशिवाय फायनल ड्राइव्ह खाली येत नाही. म्हणजे त्या बोल्टला पाना लागलाच नव्हता. गिऱ्हाईक तावातावाने डीलरकडे गेला तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, ‘सर, व्हिज्युअल इन्स्पेक्शन होतं.’ बंद पोकळीचं व्हिज्युअल इन्स्पेक्शन! आम्ही गॅरेजात आठवडाभर हे वाक्य वापरत होतो. चहा आला का? हो, व्हिज्युअल इन्स्पेक्शन झालं.

पण सगळं खापर डीलरवर फोडणंही बरोबर नाही. मोहिमेच्या कामाला कंपनी डीलरला ठरलेल्या तासांचेच पैसे देते आणि हा दर नेहमीच्या कामापेक्षा सहसा कमी असतो. मेकॅनिकला त्या तासात चाक, ब्रेकचा कॅलिपर, एबीएसची वायर, टॉर्क आर्म, फायनल ड्राइव्ह सगळं उतरवून परत चढवायचं असतं. घाई होते. आणि घाईतून जे बिघडतं ते शाफ्टपेक्षा वेगळंच असतं, ते तुम्हाला सांगून ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळा बिघडतो तो बूट. रबरी बुटाची कड घराच्या ओठावर पूर्ण गोल बसायला हवी. मागची बाजू दिसत नाही, तिथे कड आत दुमडते. सावंतवाडीकडच्या एका गिऱ्हाईकाला नवा शाफ्ट घालून मिळाला होता, अगदी कागदपत्रांसह. पुढचा पावसाळा गेला आणि तो परत थरथर घेऊन आला. बूट उघडला तर पोकळीतून वाटीभर गढूळ पाणी बाहेर आलं. नवा क्रॉस एका मोसमात लाल. कड एका बाजूला दोन बोटं आत दुमडलेली होती. बूट बसवल्यावर आतून बोट फिरवून बघायला अर्धा मिनिट लागतं, ते कोणी केलं नाही.

दुसरं, स्प्लाइनला लावायचं ग्रीस. शाफ्टच्या टोकाच्या दातांना मॉलिब्डेनमची पेस्ट हवी, तीही पातळ थराने. काही ठिकाणी लावतच नाहीत, काही ठिकाणी चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस गच्च भरतात. ते गोल फिरताना उडून बुटावर बसतं आणि स्प्लाइन कोरड्याच राहतात. तिसरं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसताना आतली क्लिप खाचेत जाते तेव्हा हाताला टिचकीसारखं कळतं. ती बसली नाही तर शाफ्ट मागेपुढे सरकतो. हे कागदावरून कळत नाही, मेकॅनिकच्या हातावरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून शक्य असेल तिथे मी म्हणतो, काम चालू असताना उभे राहू द्या अशी विनंती करा. वर्कशॉपमध्ये जाऊ देत नसतील तर काचेपलीकडून. तेही नसेल तर फोटो.

चौथं, चाकाचे पाच बोल्ट. हे ६० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, टॉर्क पान्याने. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून नाही. याच कंपनीच्या जुन्या, २००५ ते २०११ दरम्यानच्या गाड्यांचा मागच्या चाकाच्या फ्लँजचा (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) रिकॉल २०१५ मध्ये निघाला होता, एकट्या अमेरिकेतच सुमारे ४३ हजार गाड्या. कारण काय, तर बोल्ट जास्त आवळले तर ॲल्युमिनियमच्या फ्लँजला तडा जाऊ शकतो. तिथे पोलादी फ्लँज दिली गेली. म्हणजे गनच्या दोन सेकंदांसाठी केवढा खटाटोप! तुमची गाडी त्या रिकॉलमधली नाही, पण सवय तीच लावून घ्या: बोल्ट पान्याने आवळून त्यावर मार्करची रेघ ओढायला सांगा. रेघ हलली तर रस्त्यावरही लगेच दिसते.

आता तुमच्या ‘खट्’कडे येतो. शाफ्टच्या गाडीत थोडा खेळ नैसर्गिक असतो. गिअरबॉक्समधल्या दातांचा, क्राउन-पिनियनमधला, शाफ्टच्या मधल्या रबराचा, सगळ्यांचा थोडाथोडा मिळून चाकाच्या कडेला बोटभर हालचाल होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना थ्रॉटल सोडून परत दिला तर ‘खट्’ येणारच. मोठ्या दोन सिलिंडरच्या गाडीत तर येतोच येतो. प्रश्न एवढाच की तो वाढतोय का. म्हणून तुलना दुसऱ्याच्या गाडीशी करू नका, स्वतःच्याच गाडीशी करा. मेन स्टँडवर लावा, पहिला गिअर टाका, इंजिन बंद. चाकाच्या रिमवर आणि स्विंगआर्मवर समोरासमोर टेपची पट्टी चिकटवा. चाक हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवून किती मिलीमीटर हलतं ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दर पाच हजार किलोमीटरला हेच. आकडा जागेवर असेल तर झोपा निवांत. सरकत असेल तर उघडायची वेळ झाली.

मग न्यूट्रल टाकून चाक सावकाश हाताने गोल फिरवा, कान फूटपेगजवळ ठेवून. चांगल्या शाफ्टचा आवाज एकसारखा असतो. अडकणारा जॉइंट ठरावीक अंतराने ‘टिक्’ करतो किंवा हाताला खाच लागल्यासारखी वाटते. ते झालं की चाक वर-खाली, मग पुढे-मागे धरून हलवा. इथे प्ले लागला तर तो शाफ्टचा नसतो, फायनल ड्राइव्हच्या मोठ्या बेअरिंगचा असतो किंवा पॅरालिव्हरच्या सांध्याचा. तो वेगळा विषय, पण तितकाच गंभीर. रिमच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर त्याचंही तेच. फायनल ड्राइव्हमध्ये जेमतेम १८० मिली तेल असतं, ते थोडं गळालं तरी खूप झालं. तेल बदलताना प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असेल तर ठीक, पण चमकणारे पापुद्रे असतील तर गाडी चालवू नका.

(२००४ च्या पहिल्या आर १२०० जीएसमध्ये या फायनल ड्राइव्हचं तेलही ‘आयुष्यभराचं’ होतं, पुढे ते बदलायला सांगण्यात आलं. आयुष्यभर या शब्दाची या धंद्यात किंमत किती, ते यावरून बघा.)

मागचा बूट तुम्ही स्वतः उघडून बघू शकता. गाडी थंड, मेन स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. आधी बाहेरची माती ब्रशने झाडा, पाणी मारू नका. बुटाची फायनल ड्राइव्हकडची कड बोथट प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, रबर फाटतं. आत टॉर्च मारा, चाक हळूहळू फिरवत क्रॉसच्या चारही टोप्या बघा. टोपी काळसर, तेलकट आणि पाणी न लागलेली असेल तर छान. पृष्ठभागावर हलका गंज असेल तर तो पुसला जातो, त्याने घाबरू नका. पण टोपीच्या कडेतून लाल भुकटी बाहेर आली असेल तर तो आतून आलेला माल आहे. फोटो काढा, काट्याचाही काढा, आणि त्याच दिवशी डीलरला मेल करा. फोनवर बोलू नका, बोललेलं राहत नाही.

डीलरकडे जाताना आधी एक गोष्ट करा. गाडी तुमच्या नावावर कंपनीच्या नोंदीत आहे का ते बघा. पत्र तुम्हाला आलं नाही याचं कारण बहुधा हेच की कंपनीकडे अजून मुंबईच्या पहिल्या मालकाचा पत्ता आहे. आरटीओत नाव बदललं म्हणजे कंपनीत बदलत नाही. चॅसी नंबर, आरसीची प्रत आणि तुमचा मेल देऊन नोंद बदलून घ्या. मग लेखी विचारा: या चॅसी नंबरवर शाफ्टची मोहीम कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कुठल्या डीलरकडे झाली, शाफ्ट तपासला की बदलला, बदलला असेल तर भाग क्रमांक काय, पुढची बदली किती किलोमीटरला देय आहे. सर्व्हिस ॲडव्हायझर ‘सगळं ओके’ म्हणेल. त्याला म्हणा, ओके चालेल, पण जॉबकार्डची प्रत द्या. जॉबकार्डवर मोहिमेचा क्रमांक आणि भागांची ओळ असते. भागांच्या ओळीत शाफ्ट नसेल तर तो बदललेला नाही, एवढं सरळ.

वॉरंटी संपली, म्हणून मजुरी द्या, असं कोणी म्हटलं तर देऊ नका. मोहिमेचं काम वॉरंटीवर अवलंबून नसतं, मालक कितवा यावरही नसतं. मात्र जुना भाग घरी न्यायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, फुकट बदललेला भाग बहुतेक वेळा कंपनीला परत जातो. तो दाखवा म्हणायचा हक्क तुम्ही घ्याच. काढलेला शाफ्ट हातात मिळाला तर एक टोक आडवं धरा आणि जॉइंटचं दुसरं टोक स्वतःच्या वजनाने सगळीकडे पडू द्या. चांगला जॉइंट जड, पण एकसारखा हलतो. बिघडलेला मधोमध आल्यावर थबकतो. हे एकदा हाताला कळलं की आयुष्यात विसरत नाही.

भाग यायला वेळ लागतो, हेही धरून चाला. गाडी परदेशातून पूर्ण तयार येते, शाफ्टही तिकडून येतो. ‘शाफ्ट येईपर्यंत गाडी आमच्याकडे ठेवा’ म्हणाले आणि गाडी चालण्यासारखी असेल तर ठेवू नका. भाग आल्यावर बोलवा म्हणा. न चालवण्याची लेखी सूचना असेल तर मात्र ठेवा आणि ठेवताना काटा, पेट्रोल, आरशांचे-पॅनिअरचे ओरखडे, सगळ्याचे फोटो काढा. एकाची गाडी अशीच अडीच महिने बूट उघडा ठेवून वर्कशॉपच्या कोपऱ्यात पावसाळ्यात उभी होती. ज्या ओलाव्यासाठी गाडी आणली तोच फुकट मिळाला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे २०१२ पासून वाहन कंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉलची पद्धत होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं. सक्तीच्या रिकॉलमध्ये दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत, वाहन सात वर्षांपेक्षा कमी जुनं असायला हवं. तुमची २०१९ ची गाडी त्या सीमेवरच आहे, त्यामुळे तक्रार करायचीच असेल तर आत्ता. वाहन पोर्टलवर दोष नोंदवता येतो. एकट्या तक्रारीने काही हलत नाही, तक्रारींची संख्या लागते, म्हणून तुमच्या ग्रुपमधल्या इतरांनाही नोंदवायला सांगा. डीलरच्या कामात कसूर असेल, म्हणजे बूट नीट न बसवणं वगैरे, तर तो ग्राहक संरक्षण कायद्याचा विषय. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा आयोग. माझ्या अनुभवात जॉबकार्डची प्रत आणि तारखेचे फोटो असले की प्रकरण हेल्पलाइनच्या पुढे जात नाही. डीलरलाही भांडण नको असतं.

रिकॉल निघाला म्हणजे कंपनी वाईट, असंही धरू नका. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या, तरी बुलेटचं प्रेम काही कमी झालं नाही. दोष लपवणाऱ्यापेक्षा बोलावून घेणारा बरा.

आता तुमच्यासाठी नेमकं. काटा ५२,००० वर आहे, म्हणजे साठ हजारांची बदली तुमच्या एका मोठ्या सहलीवर आहे. चॅसी नंबर बसत असेल तर ही बदली तुमच्याच वेळी पडेल, म्हणून आत्ताच लेखी होकार घेऊन ठेवा. त्याआधी, या शनिवारी, बूट उघडून बघा आणि रिमचा खेळ मोजा. भुकटी नसेल आणि ‘खट्’ जुनाच असेल तर साठ हजारांपर्यंत निवांत चालवा. भुकटी असेल तर साठ हजारांची वाट बघू नका आणि लांबची सहल रद्द करा. जवळच्या वॉशिंग सेंटरवाल्याला दाखवून ठेवा की नळी मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला कुठे मारायची नाही. आणि बूट परत बसवताना कडेच्या मागच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही, तिथे बोट पूर्ण फिरवून बघा.